मामा कधीच पीत नव्हते

ज्या प्रश्नाचं उत्तर आम्ही चुकीचं दिलं, तो प्रश्न अगदी साधा होता. "घरात आणखी कोणाला असा त्रास आहे का?"

डॉक्टरांनी हे विचारलं तेव्हा आम्ही तिघं समोर बसलो होतो. अण्णा म्हणजे माझे वडील, आई आणि मी. अण्णांनी बोटांवर मोजलं. त्यांचे वडील ऐंशीव्या वर्षीही विहिरीत उतरायचे. मग दोन चुलते, त्यांची पोरं, आजोबांचे भाऊ. "नाय साहेब, आमच्या घराण्यात सगळे धडधाकट." आईनं मान हलवली. मीही हलवली. आमच्यापैकी कोणी खोटं बोलत नव्हतं. तरी त्या उत्तरापायी पुढचे चार महिने मी स्वतःला जवळजवळ मेलेलाच समजत होतो.

मी एकोणतीस वर्षांचा आहे आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, तोही उशिरा. लिहिण्याची सवय परीक्षेपुरती. पण फिजिओथेरपीच्या खोलीत नवी माणसं भेटतात आणि विचारतात, तुमचं कसं कळलं, पहिल्यांदा काय झालं. प्रत्येकाला सांगताना माझी जीभ दमते. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. कुठं चुकलं तर सांभाळून घ्यावं.

हनुवटीवरची मुंगी

बारावीनंतर मी दहा वर्षं वाळूजच्या एका कंपनीत मशीनवर होतो. पोटऱ्यांना गोळे यायचे, हात थोडे कापायचे. उभं राहायचं काम, म्हणून होत असेल, असं वाटायचं. पुढं साठवलेल्या पैशांवर कॉलेजात नाव घातलं. वर्गातली पोरं-पोरी माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मला "दादा" म्हणायची आणि नोट्स मात्र माझ्याच मागायची, कारण तास न चुकवणारा मी एकटाच.

आमचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. पहिल्या वर्षी मी सरळ चढून जायचो. दुसऱ्या वर्षी कठडा धरून चढू लागलो. मग मधल्या वळणावर थांबून, मोबाइल बघतोय असं दाखवू लागलो. परीक्षेत तिसऱ्या पानानंतर अक्षर वाकडं व्हायचं. एकदा बाकावर शेजारी बसणारी मुलगी माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "दादा, तुमच्या हनुवटीवर मुंगी चालतीय का? सारखी हलतीय."

मी हात फिरवला. मुंगी नव्हती. कातडीच्या आत काहीतरी उडत होतं.

आणखी एक गोष्ट होती, ती मी कोणालाच सांगितली नव्हती. माझी छाती वाढली होती. पुरुषाची वाढू नये तशी, दोन्ही बाजूंनी. तीन वर्षं मी ढगळे शर्ट घालत होतो आणि नळावर अंघोळ करणं सोडलं होतं. पायांच्या दुखण्याशी त्याचा काही संबंध असेल, असं मनातसुद्धा आलं नाही. लाज मात्र रोज यायची.

त्या दिवशी

तपासणीत दंडात आणि मांडीत सुया टोचून मशीनवर आवाज ऐकतात. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा माझ्या मांडीतून आवाज येत होता. नंतर डॉक्टर नीट, हळू बोलले. मोटर न्यूरॉनचा आजार दिसतोय, म्हणाले. स्नायूंना हुकूम देणाऱ्या ज्या पेशी असतात, त्या मरत चालल्यात. कोणत्या प्रकारचा आहे हे पक्कं सांगायला वेळ लागेल, मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांना दाखवा. मग त्यांनी घरातल्यांबद्दलचा तो प्रश्न विचारला आणि आम्ही ते उत्तर दिलं.

आई-अण्णांना रिक्षात बसवून मी पार्किंगमध्ये थांबलो. तिथं सलीम मोटारसायकलवर बसला होता. तो कंपनीतला माझा मित्र, सगळ्या तपासण्यांना त्यानंच मला मागं बसवून नेलं. मी मोबाइलवर आजाराचं नाव टाकलं. हात जातात, पाय जातात, बोलणं जातं, गिळणं जातं, शेवटी श्वास. बहुतेकांना मोजकी वर्षं. सलीमनं माझ्या हातातून मोबाइल काढून स्वतःच्या खिशात घातला.

"मोबाइल को डॉक्टर की डिग्री कब मिली भाई?"

मी हसलो, आणि मग मला रडू आलं.  तो गाडी सुरू करून, मी बसेपर्यंत थांबला.

घरात

डॉक्टरांचं बोलणं आई-अण्णांना पुरतं कळलं नव्हतं, म्हणून घरी मी "नसांची कमजोरी" एवढंच सांगितलं. पण अण्णांनी डॉक्टरांचा चेहरा पाहिला होता. पडेगावात आमची पिठाची गिरणी आहे. ती दुपारी कधी बंद राहत नाही. त्या आठवड्यात दोनदा राहिली. अण्णा आत पट्ट्याजवळ नुसते बसलेले असायचे. आई सगळ्या देवांना एकदम उपास धरून बसली, आणि कोणत्या वारी काय खायचं नाही, यात तिचाच गोंधळ उडू लागला. माझ्या लग्नाचं बोलणं चालू होतं, ते आम्हीच थांबवलं.

मी कॉलेजात जाणं सोडलं. पदवी घेऊन करायचं काय, हा हिशेब मी मनात केला होता. खरं सांगायचं तर भीतीपेक्षा राग जास्त यायचा. अण्णांनी ताट पुढं सरकवलं तरी राग, नाही सरकवलं तरी राग. एकदा पाण्याचा तांब्या हातातून सुटला, आई पुसायला धावली, आणि मी तिच्यावर ओरडलो. ती पुसत राहिली. त्या दिवसाची मला अजून शरम वाटते. हे लिहितोय कारण तुमच्याही घरात असं झालं असेल. होतं.

शर्ट काढा

मेंदूच्या मोठ्या डॉक्टर म्हणजे एक बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी माझी जीभ पाहिली, हनुवटी पाहिली, गुडघ्यावर हातोडी मारली. मग म्हणाल्या, "शर्ट काढा."

मी म्हणालो, पोटरी दुखते, छातीत काही नाही. त्या म्हणाल्या, "काढा." आई-अण्णा शेजारीच उभे होते. मी बटणं काढली, त्याला लई वेळ लागला. मॅडमनी माझ्या छातीकडं पाहिलं.

"हे कधीपासून?"

"तीन वर्षं."

"आधीच्या डॉक्टरांना सांगितलं का नाही?"

"वेगळं वाटलं. आणि... लाज वाटली."

त्यांनी मला शर्ट घालायला सांगितलं. खुर्ची ओढून आईसमोर बसल्या. "तुम्हाला भाऊ आहे का?"

आईनं अण्णांकडं पाहिलं. अण्णाच बोलले, "हाय एक. पण त्याचं निराळं हाय मॅडम. तो पितो."

"पिण्याचं राहू द्या. चालतात कसे?"

 आई हळूच म्हणाली, "काठी घेऊन. जिना चढता येत नाय. हात कापतेत."

"बोलणं?"

"जड."

"हनुवटी हलते?"

आईनं पदर तोंडाला लावला. मॅडम म्हणाल्या, "त्यांना घेऊन या. यांचा आजार कोणता, हे मला त्यांच्याकडं बघून जास्त कळेल."

मांडवातली पायरी

रंगनाथमामा लासूर स्टेशनला राहतात. बाजार समितीत ते मापाडी होते, म्हणजे शेतकऱ्याचा माल काट्यावर तोलून देणारे. त्या कामाला हात स्थिर लागतो. मामांचा हात कापू लागला, तेव्हा लोक म्हणाले, लागली सवय. चालताना झोक जाऊ लागला, बोलणं जड झालं, तेव्हा लोकांची खात्रीच पटली. काम गेलं.

सात वर्षांपूर्वी माझी बहीण शीतल हिचं लग्न झालं. आमच्यात नवरीला मामा मांडवात घेऊन येतो. मामा नवी टोपी घालून आले होते. शीतलचा हात धरून ते स्टेजची पायरी चढायला लागले, आणि दुसऱ्या पायरीवर गुडघा वाकला. शीतलसकट खाली आले. अक्षता हातात घेऊन दोन्हीकडची माणसं उभी होती. अण्णा धावत गेले, शीतलला उठवलं आणि मामांना सगळ्यांसमोर म्हणाले, "आजच्या दिवशी तरी प्यायची नव्हती."

मामा काहीतरी सांगत होते. शब्द नीट निघत नव्हते. मागं कोणीतरी हसलं. मामा न जेवता स्टेशनावर निघून गेले. त्यानंतर आमचं येणं-जाणं बंद झालं.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. हसणारा मी नव्हतो, पण मलाही तेच वाटलं होतं.

लासूर स्टेशन

आई आणि मी रेल्वेनं गेलो. अण्णा येतो म्हणाले नाहीत, जाऊ नका असंही म्हणाले नाहीत. मामींची बाजाराच्या रस्त्यावर भज्यांची गाडी आहे. मामा शेजारी खुर्चीवर बसून कांदा चिरत होते, सावकाश, दोन्ही हातांनी सुरी धरून. मामींनी आईला पाहिलं आणि झारा कढईतच ठेवून म्हणाल्या, "सात वर्षांनी वाट सापडली व्हय तुमाला?"

 मामा माझ्याकडं बघत होते. चेहऱ्याकडं नव्हे, माझ्या हातांकडं. मग हनुवटीकडं.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"तीन-चार वर्षं."

"रातच्याला पोटऱ्या वळतेत?"

"व्हय."

"जिन्यावर गुडघा दगा देतो?"

"व्हय."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "तुलाबी लोक म्हणतेत का रे, पितो म्हणून?"

 आई म्हणाली, "भाऊ, तू पीत नव्हतास?"

"आता इचारताव," मामी म्हणाल्या. "माझ्या घरात ह्या माणसानं बाटली आणली नाय कधी. सांगून सांगून माझं तोंड दुखलं."

"मग तू बोलला का नाय रे भाऊ?"

"बोललो की, सुमे," मामा म्हणाले. ते खरंच जड बोलतात, शब्द चावून चावून काढतात. "बोलायला लागलं की जीभ अडखळायची. मग लोक म्हणायचे, बघा, आत्ताबी पिऊनच बोलतोय."

आणि ते हसले. मामी हसल्या नाहीत. त्यांनी आमच्यापुढं भज्यांची प्लेट आदळली आणि म्हणाल्या, "खावा. गार होतील."

एक बुट्टी जास्त

मॅडमनी मामांना तपासलं आणि आम्हा दोघांचं रक्त बाहेरगावच्या प्रयोगशाळेत पाठवलं. महिनाभर लागला. त्या महिन्यात एकच गोष्ट ठरायची होती. माझा आजार मोबाइलमध्ये वाचलेला होता, की मामांचा. मामा अठ्ठावन्न वर्षांचे आहेत, कांदा चिरतात, भांडतात, काठी टेकत बाजार करतात. मी आयुष्यात कधी कोणाचा आजार आपल्याला असावा म्हणून नवस केला नव्हता. तेव्हा केला.

रिपोर्ट आला. आजार मामांचाच होता.

मॅडमनी कागदावर तीन अक्षरं पुन्हा पुन्हा लिहून दाखवली. शरीराच्या एका जनुकात ही तीन अक्षरं ओळीनं परत परत येतात. सगळ्यांमध्येच येतात, बहुतेकांत वीसच्या आसपास वेळा. माझ्यात सत्तेचाळीस वेळा होती, मामांत एकोणपन्नास. जास्तीच्या अक्षरांमुळे एक प्रथिन बिघडतं आणि नसपेशी वर्षानुवर्षं थकत जातात. छाती वाढते तीही त्यामुळेच. त्यांनी हेही सांगितलं की दुसऱ्या एका जनुकात अशीच अक्षरं वाढली, तर झपाट्यानं जाणारा आजार होऊ शकतो. तीही तपासणी केली होती, ती स्वच्छ आली. आमचा हळू चालणारा आहे. औषधानं बरा होत नाही, पण बहुतेकांचं आयुष्य या आजारानं फारसं कमी होत नाही. पडायचं नाही, ठसका लागू द्यायचा नाही, व्यायाम झेपेल एवढाच.

हा दोष आईकडून मुलाकडे येतो. बायका तो पुढं नेतात, त्यांना सहसा त्रास होत नाही. हे ऐकून आईचा चेहरा उतरला. "तरी मी म्हणायचे, हा मामावर गेलाय," ती म्हणाली. लहानपणापासून ती हे कौतुकानं म्हणत आली होती. मामा म्हणाले, "सुमे, तुला आईनं दिलं, मलाबी आईनंच दिलं. तिला तरी काय ठावं होतं." शीतललाही हे सांगावं लागलं. तपासणी करायची की नाही, हे तिचं तिनं ठरवायचं आहे. तिनं अजून ठरवलेलं नाही, आणि आम्ही विचारत नाही.

सलीमचे अब्बा हिमरू विणायचे. बुट्ट्यांची, म्हणजे छोट्या फुलांची नक्षी असलेलं ते वस्त्र आता शहरात फार थोडे लोक विणतात. सलीमला मी ती तीन अक्षरांची गोष्ट सांगितली, तेव्हा तो विचार करून म्हणाला, "समझा. नक्षी में एकच बुट्टी ज्यादा बार डल गयी. अब्बा बोलते थे, उससे कपडा फटता नहीं. थोडा टेढा जाता है, बस."

मला दिलेल्या सगळ्या माहितीत हेच सगळ्यात जास्त लक्षात राहिलं.

मराठीत लिहून द्या

निघताना मामा मॅडमना म्हणाले, "एक काम होतं. हे इंग्रजीतलं कोण वाचतंय आमच्याकडं? मराठीत लिहून द्या. हा आजार हाय, दारू नाय, एवढंच."

मॅडमनी न हसता, अगदी गंभीरपणे, आपल्या कागदावर लिहिलं आणि सही-शिक्का दिला. मामांनी तो गुलमंडीजवळ लॅमिनेट करून घेतला. दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत बाजार समितीत गेले आणि काट्याजवळ उभे राहून एकेकाला वाचायला दिला. जुन्या हमालांपैकी एकानं दोनदा वाचला, परत दिला आणि म्हणाला, "रंगनाथ, म्हंजे फुकटच बदनाम झालास की रं. त्यापेक्षा पिऊन तरी घ्यायची."

हे मामांनी मला फोनवर सांगितलं. हसून हसून त्यांना ठसका लागला, आणि मागून मामी ओरडल्या की डॉक्टरनं काय सांगितलंय.

जेवण

मी पुन्हा कॉलेजात जातो. प्राचार्यांना अर्ज दिला, आमचा वर्ग तळमजल्यावर आला. पोरं खूश, त्यांनाही चढायचा कंटाळा होता. परीक्षेत जास्तीचा वेळ मिळेल. आठवड्यातून दोनदा व्यायामाला जातो. ढगळे शर्ट अजून घालतो, पण मॅडमना सगळं सांगतो. तुम्हीही सांगा. आणि कोणी घरातल्यांबद्दल विचारलं तर आईकडचीही माणसं मोजा. त्यांचं आडनाव वेगळं असलं तरी.

अण्णांबद्दल सांगायचं राहिलं. रिपोर्ट आल्यापासून ते मामांविषयी एक शब्दही बोलले नव्हते. मग एका रविवारी सकाळी गिरणीला कुलूप लावून कुठंतरी गेले. दुपारी रिक्षा थांबली, त्यातून ते आणि मामा उतरले. आमच्या दाराला तीन पायऱ्या आहेत. अण्णांनी एक हात मामांच्या काखेत घातला, दुसऱ्या हातानं कठडा धरला, आणि दोघं एकेक पायरी थांबत वर आले. शेवटच्या पायरीवर मामा म्हणाले, "दाजी, आज पडलो तर तुमच्या अंगावर पडेन." अण्णा म्हणाले, "पडा."

आईनं पुरणपोळी केली होती. लग्नात राहून गेलेलं जेवण होतं ते, कोणी तसं म्हणालं नाही एवढंच. आम्ही तिघं पुरुष ओळीनं बसलो, मामांसाठी पाट सोडून खुर्ची आणि स्टूल. मामांना घास बारीक करावा लागतो, हनुवटी खाली घेऊन गिळावा लागतो, मग थोडं थांबावं लागतं. अण्णा जन्मभर गिरणीच्या घाईत जेवलेले. पाच मिनिटांत त्यांचं ताट रिकामं होतं आणि ते उठतात. त्या दिवशीही पाच मिनिटांत झालं. माझं थोड्या वेळानं झालं. मामांची पहिली पोळी अर्धीही संपली नव्हती.

मामांनी अण्णांच्या रिकाम्या ताटाकडं पाहिलं आणि घाईनं मोठा घास घेतला. ठसका लागला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. उद्या माझंही जेवण असंच लांबणार आहे, हे मला माहीत होतं.

पंगतीत सगळ्यांचं होईपर्यंत उठायचं नसतं. घरात हा नियम आम्ही कधी पाळला नव्हता. अण्णांनी आईकडं बघून भाताची खूण केली. तिनं चमचाभर वाढला, आणि ते शिताशितानं खात बसले. भात संपला, तसे नुसतेच बसून राहिले. त्यांच्या बोटांवरचं वरण वाळून गेलं. मामांनी पुन्हा वर पाहिलं, तेव्हा अण्णा म्हणाले, "सावकाश होऊ द्या, पाव्हणं."

मामांनी दुसरी पोळी मागितली.